सासूबाई कप्तान होत्या तेव्हा

“ही बाई चुकणार,” सासूबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, आणि खाली बर्फावर ती बाई चुकली.

“कशावरून म्हणालात, आई?”

“मनगट बघ ना तिचं. दगड सोडताना उगीच फिरवतेय. आता ती दुसरी आहे ना, तिचा दगड त्या लाल दगडाला डाव्या अंगाला लागेल आणि लाल सरळ बाहेर जाईल.”

लाल दगड सरळ बाहेर गेला. मी हातातली कॉफी खाली ठेवली आणि सासूबाईंकडे नीट बघितलं. अंगावर सुती साडी, तिच्यावर दोन स्वेटर, त्यांच्यावर मुलाचा जुना कोट, डोक्याला मफलर. वय बासष्ट. कॅनडात येऊन त्यांना तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि कर्लिंग हा खेळ त्या आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होत्या.

गोष्ट एक्याण्णव-ब्याण्णवच्या हिवाळ्यातली. मॅनिटोबातल्या बर्चफील्ड नावाच्या गावात आम्ही तेव्हा राहत होतो. गाव कसलं, वाडीच म्हणा. एक चर्च, एक बँक, धान्याची उंच कोठारं आणि हा कर्लिंग क्लब. माझा नवरा विद्याधर त्या कोठारांच्या कंपनीत इंजिनिअर. बाकीच्यांच्या आया मे महिन्यात येतात, छान ऊन खातात, धबधबा बघून परत जातात. आमच्या सासूबाई नोव्हेंबरात आल्या. का, तर उन्हाळ्यात मिरजेत वाळवणं असतात, लोणची असतात, आणि आंबे सोडून परदेशी जायला त्या काही वेड्या नव्हत्या. म्हणून उणे तिसात आल्या आणि आल्या दिवसापासून थंडीला माझ्या माहेरची असल्यासारखी नावं ठेवत बसल्या.

अशा गावात हिवाळा काढायचा तर कर्लिंगला पर्याय नाही. मीही दर मंगळवारी संध्याकाळी जायची. लांबलचक बर्फाची पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना रंगवलेली मोठाली वर्तुळं. वीस किलोचा गुळगुळीत गोल दगड, त्याला वर मूठ. सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, “अगं, हे तर जातं.” हे जातं एका टोकावरून घसरत सोडायचं आणि ते दुसऱ्या टोकाच्या वर्तुळात, मधल्या ठिपक्याच्या जितकं जवळ थांबेल तितकं चांगलं. दुसऱ्याचे दगड उडवायचे, आपले राखायचे. दोघीजणी घसरत्या दगडापुढे लांब दांड्याच्या झाडूनं बर्फ झाडत धावतात, म्हणजे तो लांब जातो आणि वळतो कमी. कप्तान पलीकडच्या टोकाला उभी राहून ओरडून सांगते, कुठं टाका, कधी झाडा. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकायचं काम. ते कुणाला जमेल हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासूबाईंचा हात बसलेला होता कॅरमवर. मिरजेत दुपारची कामं उरकली की त्या बोर्ड मांडायच्या. दीर, नणदा, दोन्ही मुलं, शेजारचे ड्रॉइंगमास्तर, सगळ्यांना त्यांनी धूळ चारलेली. पण गणपतीत गावात कॅरमची स्पर्धा असायची ती पुरुषांची. सासूबाईंकडे तिथं काम असायचं चहाचं. चहा देता देता बोर्डाकडे बघायचं आणि मान हलवत परत यायचं, एवढाच त्यांचा स्पर्धेशी संबंध.

जानेवारीत आमची कप्तान कॅरल, जी तीस वर्षं बर्फावर पडली नव्हती, ती स्वतःच्या घराच्या पायरीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. संघात उरलो तिघी. स्कूल बस चालवणारी डोरीन, बेकरीतली पॅट आणि मी. डोरीन काचेमागं बोट दाखवून म्हणाली, “तुझ्या सासूला विचार. ती दर वेळी तिथं बसून आपल्याला शिव्या देते ना?”

“शिव्या नाहीत गं, सूचना,” मी म्हटलं.

सासूबाईंना विचारलं. “छे! माझं काय वय आहे का हे?” असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता वाकून बुटाच्या नाड्या बांधत होत्या.

अट एकच. साडीत घसरता येईना म्हणून त्यांनी विद्याधरची जुनी विजार चढवली, आणि त्या विजारीतला एकही फोटो मिरजेला जाता कामा नये. बाकी त्यांना शिकवायला फारसं काही लागलं नाही. दगड सोडताना खाली बसावं लागतं. क्लबातल्या चाळिशीच्या बायका ‘माझे गुडघे, माझे गुडघे’ करायच्या, आणि इथं जन्मभर उकिडवं बसून भाजी चिरलेली बाई. त्या बसल्या आणि सुर्रकन निघाल्या. डोरीनच्या तोंडून एक शब्द गेला, तो मी भाषांतर करून सांगितला नाही.

नियम मात्र मी एक एक करून सांगितले.

“आणि आई, या खेळात पंच नसतो. आपला झाडू आपल्याच चालत्या दगडाला लागला, तर आपणच सांगायचं. तो दगड बाद.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“सांगतात.”

“अगं, पण नाही सांगितलं तर?”

“आई, सांगतातच!”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मला भाजीवाल्यानं किडकी वांगी दिलीत आणि मी हसत हसत घरी घेऊन आलेय.

त्यानंतरच्या आठ आठवड्यांत बर्चफील्डच्या बर्फावर मराठी घुमली. “झाड! झाड! झाड गं, बाई!” म्हटलं की पॅट जीव तोडून झाडायची. “नको! राहू दे!” म्हटलं की झाडू वर. समोरच्या संघाला आमचे बेत कळायचे नाहीत, आणि आम्ही जिंकत सुटलो. कुणी हरल्यावर बर्फाला दोष दिला, की सासूबाई मला म्हणायच्या, “सांग तिला, नाचता येईना अंगण वाकडं.” मी सांगायची, की आमच्या कप्तान म्हणतात, फार छान खेळलात.

मला त्यांनी काही म्हणजे काही चांगलं म्हटलं नाही. तशी सवयच नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तोवरचं सगळ्यात मोठं कौतुक होतं, “आज मीठ बरं पडलंय.” एरवी मी विद्याधरला नावानं हाक मारते, पण सासूबाई घरात असल्या की ‘अहो’ म्हणायची. त्यांनी डावीकडं म्हटलं तर डावीकडं. ‘हो आई, हो आई’ करण्यात माझी हयात चालली होती.

मार्चमध्ये आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. शनिवारी सामना, पुढच्या गुरुवारी सासूबाईंचं परतीचं विमान. त्या सकाळी मी थालीपीठं लावत होते आणि त्या बाजूला उभ्या होत्या. थालीपीठात कांदा जास्त झाला असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाच मला संशय आला.

“मृदुला,” त्या म्हणाल्या, “मला तो कप पाहिजे.”

“मिळेल की, आई.”

“तुला कळत नाहीये. त्या दिवशी पहिल्या सामन्याला भोंग्यावरून नाव पुकारलं ना, शिराळकर म्हणून? मला वाटलं, विद्याधरला बोलावतायत. बासष्ट वर्षांत माझं नाव पुकारून मला कुणी खेळायला बोलावलं नव्हतं. एकदा जिंकायचंय मला. एकदाच. मग गुरुवारी सुखानं जाईन.”

मी थालीपीठ उलटलं. त्या माझ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. मनात म्हटलं, मृदुला, आज हात तुटेपर्यंत झाड.

समोर ग्रेटाचा संघ होता. ही ग्रेटा शेजारच्या गावची, सात वर्षं कप तिच्याकडे, उंच, शांत, आणि दगड असा सोडायची की जणू देवापुढं निरांजन सरकवतेय. काचेमागं सगळं गाव जमलं होतं. विद्याधर आमच्या दोन्ही मुलांना घेऊन पहिल्या रांगेत.

शेवटच्या डावापर्यंत पाच-पाच. शेवटचा दगड आमचा, म्हणजे सासूबाईंचा. ग्रेटाचा एक दगड ठिपक्यापासून हातभर अंतरावर बसलेला, आणि त्याच्या वाटेवर दुसरा आडवा ठाकलेला. त्या आडव्याला वळसा घालून आमचा दगड आत, ठिपक्याजवळ जायला हवा. वर्तुळाशी डोरीन उभी राहिली. सासूबाई खाली बसल्या, तोंडानं काहीतरी पुटपुटल्या आणि निघाल्या.

दगड सुटला. पॅट एका बाजूला, मी दुसऱ्या. मागून सासूबाई घसरत येतायत आणि ओरडतायत, “राहू दे... राहू दे... आता झाड! मृदुला, झाड! झाड!”

मी झाडलं. असं झाडलं की अकरा वर्षांत घरही झाडलं नव्हतं. दगड वळायला लागला, आडव्या दगडाच्या कडेनं गेला, आणि त्याच क्षणी माझ्या झाडूला काहीतरी लागलं. आवाज नाही, धक्का नाही. हाताला कळलं तेवढंच. दगड पुढं गेला, हळू झाला, आणि ठिपक्यावर जाऊन बसला.

काचेमागं नुसता कल्लोळ. डोरीननं दोन्ही हात वर केले. पॅट माझ्या गळ्यात पडली. ग्रेटा हातमोजा काढायला लागली. हरलेली कप्तान हातमोजा काढून हात पुढं करते, की खेळ संपला.

तेवढ्यात सासूबाई पोचल्या. त्यांनी आधी दगडाकडे बघितलं, मग त्याच्या वाटेकडे, मग माझ्याकडे. कॅरमवर सोंगटी केसभर सरकली तरी ओळखणारी बाई ती.

“काय झालं गं?” त्यांनी मराठीत विचारलं.

त्या अख्ख्या इमारतीत मराठी कळणारे आम्ही पाचजण, त्यातले तिघे जाड काचेमागं. मी काहीही बोलू शकत होते.

“आई, माझा झाडू लागला.”

“किती?”

“जरासा.”

“कुणी बघितलं?”

“नाही.”

त्यांनी माझं मनगट पकडलं. असं पकडलं की बांगडी रुतली. माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिल्या. ग्रेटा हातमोजा काढून आमच्याकडे यायला निघाली होती. मला वाटलं, ही बाई मला धीर देतेय. खरं बोल, घाबरू नकोस, मी आहे, असं सांगतेय. हातातोंडाशी आलेला घास आणि तरी ही अशी! मी ग्रेटाकडे वळले आणि इंग्रजीत मोठ्यांदा म्हटलं, “थांबा. माझा झाडू दगडाला लागला.”

मनगटावरचा हात सुटला. सासूबाई ठिपक्यापाशी गेल्या, वाकल्या आणि आपला दगड दोन्ही हातांनी ढकलत ढकलत वर्तुळाबाहेर घेऊन गेल्या. ढकलताना त्यांची पाठ तेवढी सगळ्यांना दिसत होती. मी काय बोलले ते काचेमागं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. लोकांनी बघितलं ते एवढंच, की एका म्हाताऱ्या कप्तानानं आपला जिंकलेला दगड स्वतःच्या हातानं बाहेर काढला.

आम्ही हरलो, सहा-पाच. तिथली रीत अशी, की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजायचं आणि एकाच टेबलाशी बसायचं. ग्रेटानं सासूबाईंना गरम चॉकलेट आणून दिलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. सासूबाईंनी चॉकलेट संपवलं. “साखर कमी आहे,” म्हणाल्या. घरी जाताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रविवारी बोलल्या नाहीत, सोमवारी नाहीत. मी ती शांतता थोरपणाची समजले.

बुधवारी क्लबाचं हंगाम संपल्याचं जेवण होतं. अध्यक्ष उठून बोलायला लागले आणि मधेच लोक आमच्याकडे वळून बघायला लागले.

“काय म्हणतोय तो?” सासूबाईंनी विचारलं.

“तुमची स्तुती करतायत. बक्षीस देणारेत.”

“कशाबद्दल?”

“खरेपणाबद्दल.”

“कुणाच्या?”

“तुमच्या, आई!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. पण तोवर दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली होती, आणि भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं. सासूबाई उठल्या, साडीचा पदर सारखा केला आणि जाऊन ती लाकडी पाटी घेतली. पितळेच्या पत्र्यावर त्यांचं नाव आणि खाली ‘सचोटीसाठी’ असं इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन त्या मिरजेला गेल्या.

सप्टेंबरात त्यांचा फोन. “विद्याधर, तिकीट काढ.” ‘आईला आपली आठवण येतेय’ म्हणून तो गहिवरला. आठवण कशाची येत होती ते मला ठाऊक होतं. त्यानंतर त्या ओळीनं चार हिवाळे आल्या. त्यातले तीन कप आमचे. ग्रेटा शेवटी शेवटी ‘झाड’ म्हटलं की काय करायचं ते शिकली, पण तोवर उशीर झाला होता. पण तो कप असतो क्लबाचा. जिंकलेल्यांची नावं त्यावर कोरतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. मिरजेच्या घरात सासूबाईंच्या कारकिर्दीची एकच खूण होती, ती पाटी.

पुढं त्यांचे डोळे अधू झाले, येणं थांबलं. दोन हजार तीनच्या जानेवारीत मी मिरजेला गेले होते. निघायच्या दिवशी दुपारी विद्याधरच्या मावशी आल्या. पाटी बघून त्यांनी विचारलं, हे काय, आणि मी नेहमीसारखी कंबर कसून ती गोष्ट सांगितली. इतकी वर्षं सांगत होते. माझ्या मुलांना तर ती पाठ होती. मी मनगट धरल्याचं सांगितलं, ती नजर सांगितली, आणि शेवटी म्हटलं, “मावशी, खरं बोलायचं बळ मला आईंनी दिलं.”

मावशी डोळे पुसत गेल्या. सासूबाई पलंगावर बसून वाती वळत होत्या.

“ती गोष्ट तू चुकीची सांगतेस,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे? सहा-पाच नव्हता का?”

“सहा-पाचच. मी मनगट का धरलं होतं?”

“खरं सांग म्हणून.”

“तोंड बंद ठेव म्हणून.”

मी पलंगाच्या कडेला टेकले.

“कुणी बघितलं का, असं विचारलं ना मी तुला? नाही म्हणालीस. मग झालं की! मी इतकं जोरात दाबलं, म्हटलं हिला आता तरी कळेल. अकरा वर्षं मी काही म्हणायच्या आत ‘हो आई’ म्हणत होतीस, आणि नेमकं त्या दिवशी...” त्यांनी वात ताटलीत टाकली. “पाहिजे होता गं मला तो कप. फार पाहिजे होता. खोटा तर खोटा.”

“मग त्या बुधवारी का नाही बोललात?”

“कशी बोलणार? उभे राहिले होते ना सगळे. शिवाय, इंग्रजी कुठं येतं मला?”

मला हसू फुटलं. हसता हसता कुठंतरी भरून आलं, आणि मग दोन्ही एकदमच व्हायला लागलं. त्या हसल्या नाहीत. वाती वळत राहिल्या, पण बोटं थांबत होती.

“नंतर तीनदा जिंकले,” त्या म्हणाल्या. “तेव्हा कळलं, खरं जिंकल्यावर कसं वाटतं. तो पहिला तसा खोटा मिळाला असता, तर मला कळलंच नसतं. तेव्हापासून सांगेन सांगेन म्हणतेय. दहा-अकरा वर्षं होत आली. दर वेळी कुणीतरी येतं, तू गोष्ट सांगतेस, आणि मी आपली इथं बसून ऐकतेय, नवसाच्या देवीसारखी.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “काढ ती पाटी खाली.”

“अहो आई, राहू दे. इतकी वर्षं...”

“काढ म्हणते ना. नाव माझं पडलंय, पण आहे ती तुझी. बॅगेत घाल.”

स्टुलावर चढून मी पाटी काढली. मागं भिंतीवर चौकोनी उजळ डाग राहिला. पाटी हातात घेऊन मी उभी राहिले आणि सुचेल ते बोलले.

“बॅग भरलीय, आई. वजन जास्त होईल.”

सासूबाई पलंगावरून उतरल्या. चाचपडत बॅगेपाशी गेल्या, चेन उघडली आणि चाचपून लिंबाच्या लोणच्याची बरणी बाहेर काढली. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या बॅगेतून लोणचं काढलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

“घाल आता,” त्या म्हणाल्या.